डाव्या बाजूचं वजन

गाडी विकायची हे एकदाचं ठरलं, तेव्हा भाची सकाळीच मोबाईल घेऊन हजर झाली. शेडची दोन्ही दारं सताड उघडून तिने गाडीचे फोटो काढायला सुरुवात केली. समोरून, मागून, बाजूने. आधी कापडी टप उघडून, मग टप लावून.

"मावशी, जरा सरक ना. तुझी सावली पडतेय बोनेटवर."

तोलताई सरकल्या. हातातलं फडकं मात्र त्यांनी सोडलं नाही.

त्यांना तोलताई म्हणत, कारण वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. प्रमाण वजनांच्या पेट्या व्हॅनमध्ये घालायच्या, व्हॅन स्वतःच चालवायची आणि दुकानं, गोदामं, गिरण्या पालथ्या घालायच्या, हे त्यांचं काम. त्या बाजारात शिरल्या की भाजीवाले न सांगता एखादा बटाटा जास्तीचा टाकत. 'साधारण' आणि 'असेल बहुतेक' हे शब्द त्यांना खपत नसत. कुणी 'मला असं वाटलं' म्हणालं, की त्या विचारत, "वाटलं, की पाहिलंस?"

त्यांचे यजमान कारखान्यात लेथवर टर्नर होते. सगळे त्यांना टर्नर म्हणूनच ओळखत. निवृत्त झाल्यावर कोंबड्या पाळणाऱ्या एका माणसाच्या परसात त्यांना ही गाडी सापडली. साठ वर्षांपूर्वीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, वर कापडी टप. टपाच्या चिंध्या झालेल्या आणि बोनेटखाली कोंबड्यांनी अंडी घातलेली. टर्नरांनी ती घरी आणली आणि पुढची नऊ वर्षं तिच्यामागे घालवली. जे भाग मिळाले नाहीत ते लेथवर स्वतः कातले. शाळेच्या वहीला असतो तसला फिका निळा रंग, तारांची चाकं, लाकडी डॅशबोर्ड, तपकिरी चामड्याच्या दोन बैठका. गाडी पुरी झाली, एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्यांनी ती चालवली, आणि मग दुखणं निघालं. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले होते.

गाडीच्या कामात तोलताईंचा वाटा एकच, पण मोलाचा. अशा गाडीचं वजन चारही चाकांवर नीट वाटलेलं असावं लागतं, नाहीतर ती वळणावर दगा देते. म्हणून खात्याने मोडीत काढलेले चार वजनकाटे तोलताईंनी रीतसर अर्ज करून मिळवले. टर्नरांनी ते दुरुस्त केले आणि शेडच्या जमिनीत चार चाकांच्या जागी असे बसवले की गाडी आत आली की चारही चाकं बरोबर चार काट्यांवर. प्रत्येक काट्याला घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या बारीक रेघा. दोघांनी किती तरी संध्याकाळी तिथे काढल्या. ते स्प्रिंग आवळायचे, त्या आकडा वाचायच्या. रिकाम्या गाडीचे चारही आकडे त्यांना तोंडपाठ होते.

"महिनाअखेर घर सोडायचं," भाची फोटो चाळत म्हणाली. "माझ्याकडे तुझी खोली तयार आहे. गाडीला मात्र माझ्याकडे जागा नाही गं."

"माहीत आहे मला."

"चांगल्या माणसाला देऊ."

"माणूस चांगला आहे की नाही, ते कसं मोजायचं असतं?" तोलताई म्हणाल्या आणि फडकं झटकलं.

पहिले गिऱ्हाईक आले ते दातांचे डॉक्टर. सत्तरीचे, शिडशिडीत, बोलायला मऊ. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून पाहिलं, दार अलगद उघडून अलगद लावलं.

"तुम्ही येताय ना बरोबर?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही एकट्याने चालवून बघा. हे म्हणायचे, शेजारी मालक बसला की गाडी खोटं बोलते."

डॉक्टर हसले. स्वतःच्या गाडीची किल्ली ठेवून घ्या म्हणाले, आणि टप उघडून निघाले. तलावाच्या भिंतीवरून जाऊन खाणीच्या वळणावरून परत यायचं, एवढा रस्ता तोलताईंनी त्यांना सांगितला होता. वीस मिनिटांचं काम. डॉक्टर आले पाऊण तासाने.

गाडी शेडमध्ये शिरली, चाकं काट्यांवर बसली, इंजिन बंद झालं. डॉक्टर तसेच बसून राहिले. मग त्यांनी डावीकडे हात नेला आणि रिकाम्या बैठकीवरचा पट्टा सोडवला. खाली उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, तिकडचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. कुणी उतरेपर्यंत आपण धरतो तसं.

तोलताईंची नजर सवयीने तबकड्यांकडे गेली.

डाव्या बाजूचे दोन्ही काटे पुढे सरकलेले होते. उजवीकडचेही, थोडेसे. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, त्यातून रिकाम्या गाडीचे आकडे वजा केले. एकवीस किलो चारशे ग्रॅम. गाडीत कुणीच नव्हतं. डिकी उघडून पाहिली, रिकामी. उलट पेट्रोल जळून वजन कमी व्हायला हवं होतं.

त्या पाहत असतानाच काटे मागे यायला लागले. एकदम नव्हे, ओली फरशी वाळत जावी तसे. दहा-बारा मिनिटांत चारही आकडे जिथल्या तिथे, फक्त जळलेल्या पेट्रोलाइतके कमी.

डॉक्टरांनी दार लावलं.

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "पण मी घेणार नाही."

"काही खटकलं का?"

त्यांनी गाडीची किल्ली तोलताईंच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "वळणावर तिने हात बाहेर काढला. मी ओरडलो तिच्यावर. इतक्या वर्षांनी भेट झाली, आणि मी काय केलं, तर ओरडलो."

तोलताईंनी 'कोण' असं विचारलं नाही.

"मी ही गाडी घेतली ना, तर मी घरी जायचाच नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "आणि घरी बायको आहे. तिचीही मुलगी होती ती."

ते गेल्यावर तोलताईंनी कपाटातून प्रमाण वजनांची पेटी काढली. एका किलोचं पितळी वजन एकेका काट्याच्या पाटावर, चाकाच्या बाजूला ठेवून पाहिलं. काटा बरोबर एक किलो पुढे जायचा, वजन उचललं की बरोबर एक किलो मागे. चारही काटे निर्दोष होते. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा काटा निर्दोष निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं.

दोन दिवसांनी बेकरीवाली आली. चाळिशीची, गोल, गालांना खळ्या, बाहीवर पिठाचा पांढरा पट्टा. आल्या आल्या तिने गाडीला नमस्कार केल्यासारखे हात जोडले आणि स्वतःच खो-खो हसली.

"मी आत मावले तर पुढचं बोलू," ती म्हणाली.

मावली. तीही एकटीच गेली, आणि दीड तासाने आली. तोलताई दारातच उभ्या होत्या. लांबून आधी हसणं ऐकू आलं, मग इंजिन. आवारात वळताना बेकरीवाली मान डावीकडे करून काहीतरी सांगत होती, मधेच थांबून ऐकत होती, पुन्हा हसत होती.

ती उतरली. तोलताईंनी तबकड्या वाचल्या. अठ्ठावन्न किलो, वर शंभर-दोनशे ग्रॅम.

"मला गाडी हवी," बेकरीवाली म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं. "आज, आत्ता. तुम्ही म्हणाल ते मान्य."

"एक विचारू का?" तोलताई तबकडीपासून वळल्या. "तुमच्या शेजारी जे कुणी होतं, त्यांचं वजन किती होतं?"

दुसरं कुणी असतं तर चक्रावलं असतं. बेकरीवालीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बाहीनेच नाक पुसलं.

"अठ्ठावन्न. आम्ही जुळ्या. एकविसाव्या वर्षी दोघी अठ्ठावन्नच होतो. नंतर मी फुगले, ती तेवढीच राहिली."

काटे मागे यायला लागले होते. बेकरीवालीला ते काट्यांवरून कळत नव्हतं, पण दुसऱ्या कशावरून तरी कळत असावं. तिने डाव्या बैठकीच्या पाठीवर हात ठेवला आणि शेवटचा काटा थांबेपर्यंत उचलला नाही.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," तोलताई म्हणाल्या. "रविवारी नक्की सांगते."

"दुसऱ्या कुणाला देणार नाही ना?"

"रविवारी सांगते."

ती गेल्यावर तोलताई शेडमधल्या स्टुलावर बसल्या. 'असेल बहुतेक' हे शब्द त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच शिरले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. टर्नरांचं वजन त्यांना ठाऊक होतं. दुखण्याच्या आधी एकाहत्तर किलो. शेवटच्या आठवड्यात शेहेचाळीस. एकाहत्तर असोत की शेहेचाळीस, त्यांना चालणार होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी केस नीट बांधले. टर्नरांचा मफलर स्वतःच्या गळ्यात गुंडाळला. टर्नरांचे पाय लांब, म्हणून डावी बैठक रुळावरून पार मागे सरकवली. मग टप उघडला, उजवीकडे बसल्या आणि किल्ली फिरवली. तीस वर्षं व्हॅन चालवलेल्या बाईला ही गाडी म्हणजे खेळणं; तरी क्लच त्यांनी नवशिक्यासारखा इंचाइंचाने सोडला.

तलावाच्या भिंतीवर रस्ता सरळ होता. पाणी शांत, वारा गार. तोलताईंनी घसा साफ केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा लेथ अजून विकलेला नाही. भंगारवाला आला होता, त्याला घालवून दिला. भाची चांगली आहे, पण तिच्या घरात सगळं पांढरं आहे, भिंती, फर्निचर, पडदे. मला तिथे चहा प्यायचीसुद्धा भीती वाटते."

उत्तर आलं नाही. डावीकडे पाहायचा धीर त्यांना होत नव्हता. त्या बोलत राहिल्या. शेजारच्यांचा पाण्याचा नळ, पेन्शनचा कागद, औषधांची उरलेली पाकिटं. 'तुम्ही जाताना मी खोलीत नव्हते, खाली केमिस्टकडे गेले होते,' हे आठ महिने कुणाला न सांगितलेलं वाक्यही त्यांनी सांगून टाकलं.

भिंत संपली. खाणीकडचा रस्ता लागला. तो जरा खराब.

आपण फारच हळू चालवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. एकेक खड्डा चुकवत होत्या. चुकवता न आलेल्या खड्ड्यात चाक अलगद उतरवून अलगद वर घेत होत्या. अशी गाडी त्यांनी कधीच चालवली नव्हती.

उजवा कान वाऱ्याने भरलेला होता. डाव्या कानाला वारा लागत नव्हता. तिकडे एक प्रकारची शांतता होती, खोलीतल्यासारखी.

वास आला. आधी स्पिरिटचा. मग त्याच्यामागून दुसरा, कोमट, गोडसर.

वळणावर समोरून ट्रक आला. त्यांनी ब्रेक दाबला, आणि त्यांचा डावा हात आपोआप गिअरवरून सुटून शेजारच्या बैठकीवर आडवा गेला.

हाताला काहीतरी लागलं.

गरम होतं. लहान होतं. आणि श्वास घेत होतं.

तोलताईंनी हात काढला नाही. ट्रक निघून गेला. त्या तशाच, एका हाताने, पहिल्या गिअरमध्ये घरापर्यंत आल्या. त्यांनी डावीकडे एकदाही पाहिलं नाही.

शेडमध्ये चाकं काट्यांवर बसली. त्या उतरल्या, गाडीपासून चार पावलं लांब झाल्या आणि तबकड्या वाचल्या. एकदा, मग पुन्हा एकदा. जळलेल्या पेट्रोलचा हिशेब केला.

एक किलो नऊशे ग्रॅम.

त्या स्टुलावर बसल्या.

चौतीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. दिवस भरण्याआधीच झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. ती घरी आलीच नाही. हॉस्पिटलमधल्या काचेच्या पेटीत एकोणीस दिवस होती. रोज सकाळी नर्स तिला तोलायची आणि तोलताई तिच्या खांद्यावरून काटा वाचायच्या. वजन जरा वाढलं की घरी सोडू, असं सगळे म्हणत. ते एकदाही वाढलं नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी एक किलो नऊशे होतं. नाव ठेवायचं राहून गेलं. पुढे दुसरं मूल झालं नाही. टर्नर आणि त्या या गोष्टीवर आयुष्यात पुन्हा कधी बोलले नाहीत. न बोलण्याचाही दोघांनी मिळून एक संसार केला.

आता काटा मागे येईल, म्हणून त्या पाहत बसल्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. दुपार झाली, उन्हाचा पट्टा दारातून बोनेटवर सरकला आणि तिथून भिंतीवर गेला.

काटा हलला नाही.

तोलताई उठल्या. बैठकीकडे न पाहता त्यांनी गळ्यातला मफलर सोडून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि टप ओढून घेऊन त्याची एकेक कळ आवाज न करता लावली.

रविवारी त्यांनी बेकरीवालीला फोन केला.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. "गाडी देता येणार नाही."

पलीकडे भट्टीचं दार लागल्याचा आवाज आला.

"तुम्ही बसून आलात," बेकरीवाली म्हणाली.

"हो."

"यजमान?"

"नाही." तोलताईंनी आवाज खाली आणला. "लहान आहे. आणि ती उतरली नाही."

बेकरीवाली रडते आहे, हे फोनवरही कळत होतं. पण ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. "मग गाडी एकटी ठेवू नका," ती म्हणाली. "आणि मी कधी येऊ का? गाडीत नाही बसणार. नुसती दाराशी उभी राहीन."

"या," तोलताई म्हणाल्या. "कधीही या."

भाची बुधवारी आली ती खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. मावशीने विक्री रद्द केली, घरमालकाला चिठ्ठी लिहून आणखी एक वर्ष मागून घेतलं, हे तिला आल्यावर कळलं. ती चिडली, मग घाबरली, मग स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.

"मावशी, काकांची आठवण येते ना तुला इथे बसलं की?"

"येते."

"म्हणून विकवत नाही का?"

तोलताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं सांगण्याजोगं नव्हतं.

"आणि टप का लावून ठेवलाय? एवढं छान ऊन आहे."

"वारा लागतो."

"कुणाला?"

तोलताई चहा टाकायला उठल्या. भाची थोडा वेळ गाडीकडे पाहत बसली, आणि मग का कोण जाणे, तिने आपला आवाज एकदम बारीक केला. त्या दिवशी जाईपर्यंत ती शेडमध्ये कुजबुजतच बोलली. आपण तसं करतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आठवडाभर तोलताईंनी गाडी हलवली नाही. पण तबकड्याही पाहिल्या नाहीत. रोज पाहू नये, असं त्यांना वाटलं. का वाटलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. त्या फक्त दिवसातून चार वेळा शेडमध्ये जात, स्टूल डाव्या दाराशी ओढून बसत, आणि बाजारात कुणाचा काटा कसा खोटा निघाला त्या जुन्या गोष्टी हळू आवाजात सांगत.

शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसला. पेटीतलं एका किलोचं पितळी वजन काढून आधी चारही काटे तपासले. निर्दोष. मग वजन बाजूला ठेवलं, तबकड्यांपुढे एकेक करून वाकल्या आणि आकडे वाचले. बेरीज केली, वजाबाकी केली. पुन्हा केली.

दोन किलो शंभर.

दोनशे ग्रॅम वाढलं होतं. तान्ह्या मुलाचं एका आठवड्यात वाढायला हवं, तेवढंच.